उरलेले चाळीस टक्के

कामगाराचा एक हात यंत्रात जाऊन तुटला, तर कायद्याच्या तक्त्यात त्यापुढे ६० हा आकडा लिहिलेला आहे. अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेले हे परिशिष्ट. त्याची पद्धत शतकभर टिकली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती पुढे चालू ठेवली. कमाई करण्याच्या शक्तीत किती टक्के घट झाली, हे त्या आकड्यांवरून ठरते. माणसाच्या शरीराचा असा भावफलक मांडलेला पाहून कोणालाही अवघडल्यासारखे व्हावे. परंतु भरपाई ठरवायची तर कुठला तरी आकडा धरावाच लागतो, आणि आकडाच नसता तर मालक देईल तेवढ्यावर मजुराला समाधान मानावे लागले असते. तक्त्याविषयीची खरी तक्रार वेगळी आहे. साठ गेले म्हणजे चाळीस उरले, आणि त्या चाळिसांना बाजारात गिऱ्हाईक मिळेल, असे हा तक्ता मुकाट्याने गृहीत धरतो. हे गृहीत खरे की खोटे याचा निकाल न्यायालयात लागत नाही. तो लागतो गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे सात-आठ माणसे कामाला असतात आणि मालक स्वतः नववा असतो.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काटेवाडी हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि दोन दिवस वर्तमानपत्रांत गावाचे छायाचित्र येते. एरवी हे गाव दोन मोठ्या उद्योगांच्या मधोमध आहे. एका बाजूस बारामतीची औद्योगिक वसाहत आणि तिच्यातील वाहनांचे व खाद्यपदार्थांचे मोठे कारखाने. दुसऱ्या बाजूस भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. या दोहोंच्या आधाराने या पट्ट्यात जे जगते ते मात्र लहान आहे: वेल्डिंगची दुकाने, ट्रॉल्या बांधणारे, मोटारी भरणारे, पिठाच्या गिरण्या, गुऱ्हाळे, दूध संकलन केंद्रे, शिवणकामाचे व मसाल्याचे घरगुती उद्योग. रोजगाराच्या चर्चेत नाव मोठ्या कारखान्याचे निघते. दहावी नापास मुलाला पहिली नोकरी देतो तो बहुधा यांपैकीच कोणीतरी.

याच ठिकाणी हातही तुटतात. उसाचा चरक, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उघडा पट्टा, संरक्षक जाळी काढून ठेवलेली ग्राइंडिंगची चकती, ही या भागातील अपघातांची नेहमीची ठिकाणे होत. जाळी का काढली जाते हे कोणीही सांगेल: तिच्यामुळे काम सावकाश होते, आणि नगावर मजुरी मिळत असेल तर कामगार ती स्वतःच काढतो. मालक पाहतो आणि बोलत नाही. शेतीच्या व ग्रामीण वापराच्या यंत्रांपासून होणारे अपघात रोखण्यासाठी संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा केला. यंत्र बनवणाऱ्याने ते सुरक्षित बनवावे आणि अपघात झाल्यास भरपाई मिळावी, अशी त्यात तजवीज आहे. हा कायदा अस्तित्वात आहे एवढे तरी किती कडबाकुट्टी विकणाऱ्यांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

अपघातानंतर जे घडते ते सरसकट निर्दयपणाचे नसते, हेही नमूद केले पाहिजे. लहान गावातील मालक आणि मजूर एकाच देवळात जातात, एकमेकांच्या लग्नाला असतात. मालक दवाखान्याचा खर्च करतो, घरी धान्य पोचवतो, आणि जखम भरल्यावर त्या माणसाला रात्रीचा राखणदार म्हणून ठेवून घेतो. गावात त्याचे नाव होते. परंतु कालपर्यंत लेथवर बसणारा, मापात सूतभर फरक बोटांनी ओळखणारा कारागीर आज खाटेवर बसून कंदिलासारखा जागतो आहे, यात त्या उरलेल्या चाळीस टक्क्यांचे मोल शून्य धरले गेले हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचे मोजमाप करणारे डोळे, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखण्याचा कान आणि पंधरा वर्षांचा अनुभव हाताबरोबर तुटलेला नसतो. दया दाखवण्याच्या भरात मालकाने स्वतःचेच भांडवल अडगळीत टाकलेले असते. त्या कारागिराला दोन नव्या पोरांना शिकवायला बसवले असते, माल तपासायला दिले असते, तुकडा घट्ट धरणारा शिकंजा बसवून एका हाताने होणारे काम दिले असते, तर तो पगार खैरात ठरला नसता.

कायदा येथे कितपत मदतीला येतो? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१ वर नेले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के केल्या, आणि खासगी मालकांनी किमान ५ टक्के अपंग माणसे घ्यावीत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावे असे म्हटले. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असेही तो सांगतो. २०१७ च्या नियमांत मात्र एक रेघ ओढलेली आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेने कोणती पदे योग्य, निवड कशी, संपर्क अधिकारी कोण, हे सारे लिहायचे. वीसपेक्षा कमी असतील तर कोणत्या सोयी पुरवणार एवढेच. म्हणजे पाच माणसांचे वेल्डिंगचे दुकानही या कायद्याच्या बाहेर नाही! त्यानेही एक कागद लिहून काढावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. तो कागद कोणी मागत नाही आणि कोणी लिहीत नाही, ही गोष्ट निराळी.

वीस या आकड्याचा इतिहास जुना आहे. महायुद्धातून जायबंदी होऊन परतणाऱ्या सैनिकांसाठी ब्रिटनने १९४४ मध्ये कायदा केला तेव्हा वीस कामगारांपासून पुढे ३ टक्के अपंग घेण्याचे बंधन घातले. १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्याबरोबर तो नियम मोडीत निघाला. जर्मनीत आजही वीस कामगारांपासून ५ टक्क्यांचे बंधन आहे आणि ते न पाळणाऱ्याला दरमहा पट्टी भरावी लागते. आपल्याकडे कारखाना कशाला म्हणावे याची मर्यादा १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगार होती, ती नव्या संहितेने वीसवर नेली. लहान मालकाच्या पाठीवर नियमांचे ओझे नको, हा त्यामागील विचार अर्थशास्त्राला धरून आहे. ठरावीक खर्च शंभर माणसांवर पसरला तर माणशी कमी पडतो, आठांवर पसरला तर जड होतो. पण एका बाजूने सुरक्षेचा निरीक्षक वीसच्या खाली यायचा थांबला आणि दुसऱ्या बाजूने अपंगांच्या नोकरीचे नियमही वीसच्या वरच भरीव झाले, तर ज्या शेडमध्ये अपंगत्व निर्माण होते आणि ज्या शेडमध्ये ते सामावून घेतले जाऊ शकते, ती दोन्ही एकच असूनही सर्वांच्या नजरेआड राहते. तेथे उरते ती मालकाची नीती आणि त्याची खतावणी.

म्हणून खतावणीचाच विचार करू. या पट्ट्यात जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी. त्यामुळे जोते उंच ठेवण्याचा रिवाज आहे. समजा जोते दीड फुटाचे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाराला एक असावा असे मानक आहे. म्हणजे अठरा फूट लांबीचा उतार हवा. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. परंतु त्याच उतारावरून मालाची हातगाडी वर जाते, पिंप लोळवत नेता येते, आणि पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन तीन पायऱ्या चढणाऱ्या हमालाची कंबर वाचते. तीन फुटांचा दरवाजा खुर्चीला लागतो तसा पत्र्यालाही लागतो. बसता येईल असे शौचालय आणि भिंतीला एक दांडी, ही सोय गुडघे दुखणाऱ्या वयस्कर कामगाराला आणि गरोदर बाईला तितकीच हवी असते. ज्या शेडमध्ये बायकांसाठी मुळात शौचालयच नाही, तेथे अपंगांसाठी ते कसे असावे ही चर्चा हास्यास्पद होते. दोन्ही प्रश्न एकाच विटेने सुटणारे आहेत. ऐकू न येणाऱ्यासाठी घंटेच्या जोडीला दिवा लावणे हा दोन तारांचा खर्च. डोळ्यांनी न दिसणाऱ्यासाठी प्रत्येक हत्यार रोज त्याच जागी ठेवणे याला तर खर्चच नाही, शिस्त लागते, आणि जिथे ती नाही तिथे डोळस कामगारही पाना शोधण्यात अर्धा तास घालवतो.

सगळीच कामे अशी स्वस्तात जुळवता येतात असे सांगणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. काही प्रेसना दोन बटणे असतात; दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय दाब खाली येत नाही. कामगाराचे हात वाचावेत म्हणून केलेली ही योजना एक हात असलेल्या माणसाला त्या यंत्रापासून दूर ठेवते. दुसऱ्या प्रकारची संरक्षक साधने मिळतात, पण ती लहान मालकाच्या आवाक्याबाहेर असू शकतात. अशा ठिकाणी त्या माणसाला दुसरे काम देणे हेच शहाणपणाचे. कायदाही ‘वाजवी’ सोय मागतो, अशक्य सोय मागत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे वाजवी-अवाजवीचा विचार होण्यापूर्वीच नकार दिलेला असतो.

खर्चाबाबत आणखी एक साधी गोष्ट आहे. बांधतेवेळी केलेला उतार स्वस्त पडतो, पुढे जोते फोडून केलेला महाग. याचा दाखला काटेवाडीच्या रस्त्यावरच आहे. पाटस, बारामती, इंदापूर या मार्गाने जाणाऱ्या संत तुकाराम पालखी महामार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना चालण्याचा स्वतंत्र मार्ग आराखड्यातच धरला गेला. वर्षातून काही दिवस चालणाऱ्यांसाठी एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणू नये हेच योग्य. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक न राहता काही किमान गोष्टी तरी सक्तीच्या असाव्यात असे केंद्र सरकारला बजावले. तारीख तीच असणे हा योगायोग.

आता मजुरीचा प्रश्न. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातील २६ व्या कलमाने सरकारला एक विलक्षण अधिकार दिला होता: अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू नाही, असे सरकार अटी घालून जाहीर करू शकत असे. कमी पगारात का होईना, काम तरी मिळेल, असा त्यामागील युक्तिवाद. वरवर पाहता तो दयाळू आहे. परंतु कायद्यानेच ज्याचे मोल कमी धरले, त्याचे मोल बाजार वाढवणार नाही. कलमाचा वापर झाला असो वा नसो, तो विचार लहान उद्योगांत मुरलेला आहे. ‘त्याला कुठे दुसरीकडे काम मिळणार’ हे वाक्य जिथे पगार ठरवताना उच्चारले जाते, तिथे दारात कितीही चांगला उतार बांधलेला असला तरी तो उद्योग नीतीचा म्हणता येणार नाही. नगावर मजुरी असेल तर दर सर्वांना एक, आणि महिन्यावर असेल तर किमान वेतन सर्वांना एक, ही यातील किमान अट होय.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते काम देण्यासाठी, आश्रय ही त्यातील दुय्यम बाब होती. कुष्ठमुक्त माणसांनी झडलेल्या बोटांनी जमीन फोडली, भाजी पिकवली, पुढे माग चालवले. सुरुवातीला वरोऱ्याच्या बाजारात त्यांची भाजी घ्यायला गिऱ्हाईक तयार नव्हते, हा त्या कथेतील अर्थशास्त्राचा भाग फारसा कोणी सांगत नाही. उत्पादन करणे जमले, पण मागणीच्या दारातील पायरी उंच होती. ती गिऱ्हाइकाच्या मनातली होती. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करीत होत्या, त्यामुळे कार्यालयाच्या पायऱ्यांचा हिशेब त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढे या संस्थेने सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योग अपंगांच्या हातांनी उभा केला. या दोन्ही सेवाभावी संस्था. पण महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचे उदाहरण शुद्ध धंद्याचे आहे. दृष्टी गेल्यावर त्यांनी मुंबईत ‘नॅब’मध्ये मेणबत्त्या बनवण्याचे शिक्षण घेतले, गाडीवर त्या विकल्या, आणि नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या त्या व्यवसायात आज शेकडो अंध माणसे काम करतात. मेणबत्ती सरळ उभी आहे का, वात मध्यभागी आहे का, हे बोटांना कळते. काम त्या बोटांभोवती रचले गेले. पर्यटकाने ती कणव येऊन घेतली तर एकदाच घेईल, चांगली आहे म्हणून घेतली तर पुन्हा घेईल.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी देशात सुमारे ३६ टक्के कुठले ना कुठले काम करीत होत्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ३९.८ टक्के होते. अंतर वाटते तेवढे मोठे नाही, असे कोणी म्हणेल. परंतु या आकड्यांत घरच्या शेतावर राबणारेही आले. घरच्या वावरात प्रमाणपत्र कोणी विचारत नाही, जमेल तेवढे काम जो तो करतो. भिंत उभी राहते ती दुसऱ्याने पगार द्यायचा असतो तेव्हा. शेतीतून माणसे जसजशी बाहेर पडतील तसतशी ती भिंत अधिकांना लागेल, आणि बारामती-इंदापूरसारख्या वेगाने बदलणाऱ्या तालुक्यांत ती आधी लागेल.

लहान मालकावर सगळा भार टाकून मोठ्यांना मोकळे सोडणेही बरोबर नाही. जपानमध्ये बेप्पू येथे डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६५ मध्ये अपंगांसाठी कार्यशाळा काढली. १९७२ मध्ये ओम्रॉन या मोठ्या कंपनीने तिच्याशी भागीदारी करून कारखाना उभा केला. नंतर सोनी आणि होंडाही त्या वाटेने गेल्या. मोठ्या कारखान्याने सुटे भाग, बांधणी, शिलाई यांची खात्रीची कामे अशा लहान शेडना दिली, तर उताराचा खर्च त्या ऑर्डरीत वसूल होतो. आणि काम दिल्यावर पैसे वेळेत द्यावेत! सूक्ष्म व लघू उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. २०२३ च्या वित्त कायद्याने वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही अशी मेखही मारली. तरीही तिप्पट व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या ऑर्डरीला मुकतो, हे दोघांनाही माहीत असते. ज्याचे बिल चार महिने अडकले आहे त्याला सुगम शौचालयाविषयी प्रवचन देणे सोपे आहे.

सरकारी मदतीचा प्रवाहही थोडा वळवावा लागेल. एसटीच्या भाड्यात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे. साध्या गाडीच्या पायरीत एक इंचाचीही नाही. घर ते शेड हे पाच किलोमीटर ज्याला पार करता येत नाहीत, त्याच्यासाठी शेडमधील उतार निरुपयोगी ठरतो. राज्यात ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते झाले, आयुक्तालय पुण्यात आहे, आणि ग्रामपंचायतींसह सर्व स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा दंडक आहे. ही रक्कम वर्षअखेरीस थोडी थोडी वाटून टाकण्याकडे कल असतो. वाटपाला फोटो असतो आणि लेखापरीक्षणाला पावती. त्यातील काही भाग गावातील लहान उद्योगाच्या दारात उतार, शिकंजा किंवा यंत्राची जाळी बसवण्यासाठी, अपंग कामगार ठेवल्याच्या अटीवर, देता येईल का, हे तपासायला हवे. त्यासाठी बहुधा शासनाचा एक खुलासा लागेल. तो मागण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो, आणि ठरावाचा मसुदा लिहून देऊ शकतील असे शिक्षक व कारकून प्रत्येक गावात आहेत.